रिठ्यानं धुतलेलं पुस्तक

मी एकदा एक पुस्तक धुतलं होतं. पुसलं नव्हतं, झटकलं नव्हतं, धुतलं होतं. भिजवून ठेवलेल्या रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून, पान न् पान बोटांनी चोळून, दोन पाण्यांतून काढून, अंगणातल्या तारेवर आत्याच्या लुगड्याशेजारी चिमटे लावून वाळत घातलं होतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, शिक्षिकेचं प्रशिक्षण पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकं पुस्तकांवर प्रेम करणारं दुसरं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. ते पुस्तक तारेवर ठिबकत होतं तेव्हा मला लाज नाही, अभिमान वाटला होता. परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, हे बाहेर कुणाला सांगू नकोस हं." म्हणून लिहूनच ठेवते.

धुण्याचा हा रोग मला घरातून लागला. शिवाजी पेठेत आमचं दोन खोल्यांचं आणि एका अंगणाचं घर. त्यात आई, आबा, मी आणि आबांची थोरली बहीण गोदूआत्या. आत्यानं सासर का सोडलं हे आम्हाला कधी कळलं नाही. तिथलं पाणी कमी पडलं असावं, असं आबा म्हणायचे. भाजी तर सगळेच धुतात. आत्या भाजीची पिशवी धुवायची, दाराचं कुलूप धुवायची, आबांची छत्री भर उन्हाळ्यात धुवायची. एकदा शेजाऱ्यांची मांजर आमच्या ओट्यावर झोपलेली दिसली, तर तिलाही धुतली. ती मांजर पुन्हा आमच्या आळीत दिसली नाही. पहाटे जाग यायची ती आत्याच्या बादलीच्या कडीनं. मग चौकात धारेला आणलेल्या म्हशींच्या घंटा, चरवीत पडणारी धार, पलीकडच्या तालमीतल्या जोरांचे हुंकार, आणि उजाडलं रे उजाडलं की भिंतीवर फुटबॉल आपटणाऱ्या पोरांची धडधड. आई चुलीवरून भाकरी थेट ताटात टाकायची, त्यावर दही, बाजूला फोडलेला कांदा आणि चिमूटभर चटणी. परगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे मिरची, कांदा, लसूण, खोबरं, मसाले सगळं एकत्र कुटून वर्षाची बरणी भरतात ती. ती कुटायला लोक डंकावर जातात. डंक म्हणजे मोटारीवर चालणारी भलीमोठी लोखंडी मुसळं, एकामागून एक उखळात आदळणारी. पण आमची आत्या डंकावरची चटणी घरात येऊ द्यायची नाही. "कुणाकुणाचं हात लागल्यालं असत्यात," म्हणायची आणि घरच्या उखळात स्वतः कुटायची. त्यामुळे दोन गल्ल्या सोडून असलेला डंक मी जन्मात पाहिला नव्हता. नुसता त्याचा आवाज ऐकला होता, लांबून, दुसऱ्याच्या घरातल्या घड्याळासारखा.

तर अशा घरातून मी मास्तरीण होऊन बाहेर पडले. काय तो थाट! खळ घातलेली साडी, इतकी कडक की मी बसले तरी ती उभी राहायची. खांद्यावर पिन, हातात छत्री, आणि छातीशी धरलेलं एक जाड पुस्तक, जे मी वाचत नव्हते, फक्त धरत होते. पेठेतल्याच प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला. पन्नास पोरं. मी एक ओळ म्हणायची, पन्नास गळे ती ओळ परत म्हणायचे, छपराचे पत्रे थरथरायचे, आणि याला मी वाचन शिकवणं म्हणत असे. मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. आडव्या बांध्याच्या, आवाज असा की त्या वर्गात बोलल्या तर रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राही. त्यांनी पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "छान घोकतात पोरं." मी ते कौतुक समजले. घरी जाऊन आईला सांगितलंही.

त्याच वर्षी शाळेला कुणीतरी गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी दिली. लाकडी पेटी, आत तीसेक कोरी पुस्तकं, वास असा की मी झाकण उघडून तोंड आत घातलं. मोठ्या बाईंनी पेटी माझ्या ताब्यात दिली, कारण बाकीच्या शिक्षिकांना घरी मुलंबाळं होती आणि मला वेळ होता. मी त्या वेळाचं सोनं केलं. सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली. वाघ, परी, होडी, माकड, जे काही मुखपृष्ठांवर होतं ते झाडून सगळं झाकून टाकलं आणि वर नंबर लिहिले. पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, तोही नेमका गोष्टीच्या शेवटच्या ओळीवर. मग पुठ्ठ्यावर नियम लिहून भिंतीवर टांगले: हात धुऊनच पुस्तक घ्यावे. थुंकी लावून पान उलटू नये. जेवताना वाचू नये. पान दुमडू नये. चित्रास बोट लावू नये. असे चौदा नियम. चौदावा होता, पुस्तकावर प्रेम करावे.

पोरं बिचारी पेटीसमोर रांगेत उभी राहायची आणि तीस खाकी ठोकळ्यांकडे बघायची. आत काय आहे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, मी पहिलं पान आणि शेवटचं पान उघडलं होतं, मधल्या पानांची कधी चौकशीच केली नव्हती. मग पोरांनी आपली युक्ती काढली. पेठेच्या फुटबॉल टीममधला त्यांचा लाडका खेळाडू दहा नंबरचा बनियन घालायचा, म्हणून दहा नंबरच्या पुस्तकावर उड्या. गोलकीपर म्हणून एक नंबरला मागणी. बाकीची पुस्तकं राखीव खेळाडूंसारखी बसून. दहा नंबरचं पुस्तक परत आलं तेव्हा मी विचारलं, "कसं होतं?" तर पोरगं म्हणालं, "झ्याक हुतं बाई. कपाटावर ठेवलंतं. मॅच जिंकली."

सात नंबर मात्र कमलनं नेलं. कमल दोन वेण्यांची, काटकुळी, वर्गात सगळ्यांपेक्षा वर्षानं मोठी. आदल्या साली ती तिसरीतच राहिली होती. का, ते मोठ्या बाईंनी मला सांगितलं होतं: तिची आई हौसाबाई डंकावर मिरच्यांचे देठ खुडायला जाते, शिमगा झाला की डंकाचा हंगाम सुरू होतो, सगळ्या पेठेच्या मिरच्या येऊन पडतात, आणि मायलेकी दिवसभर तिथं बसतात. आदल्या वर्षी शिमग्यानंतर कमल शाळेत आलीच नाही, वार्षिक परीक्षा बुडाली. "औंदा हिची तिसरी पुन्हा बुडाली," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "तर ती पोरगी कायमची मिरचीत गेली समज. लक्ष ठेव." मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी तेव्हा पटाईत होते.

पण औंदा शिमगा होऊन गेला, शाळा सकाळची झाली, आणि कमल रोज येत राहिली. सात नंबरचं पुस्तक दर शनिवारी मिटलेलंच दाखवायची आणि पुन्हा न्यायची. तिचं वाचनही एकदम सुटलं. आधी एकेका अक्षराला लोंबकळणारी पोरगी आता उभी राहून धडा वाचायची, तोही खणखणीत. फक्त एक विचित्र खोड लागली. दोन शब्द वाचायची आणि थांबायची. तोंड मिटून, मान किंचित हलवून, मग पुढचे दोन शब्द ओरडून. "रामू शेतात… गेला आणि… त्याने बैल…" मला वाटलं, पोरगी तोतरी झाली. मग वाटलं, मुद्दाम करते.

"कमल, दम लागतो का तुला?"

"न्हाय बाई."

"मग मध्येच थांबतेस कशाला?"

"पडू द्यावं लागतंय की बाई."

"काय पडू द्यावं लागतं?"

वर्ग खिदळला. मी कमलला तसंच उभं ठेवलं आणि तोच उतारा न थांबता दहा वेळा वाचायला लावला. वाचन शिकवणाऱ्या बाई होते ना मी.

मग आला तो शनिवार. पानं उघडून पुस्तकतपासणी. कमलनं सात नंबर टेबलावर ठेवलं आणि पहिल्या बाकावरच्या तिघांना एकदम शिंका आल्या. मी पुस्तक उघडलं आणि मलाही आली. आत पानापानांवर लाल बोटं उमटली होती. एका चित्रात गाढव होतं, त्याच्या पाठीवर तर इतकी बोटं की गाढव लाल झालं होतं. आणि पहिल्या काही पानांवर एक वेगळाच प्रकार: अधूनमधून एखाद्या अक्षराखाली बारीक लाल ठिपका, नीट, नखानं दिल्यासारखा. मला तो खोडसाळपणाचा कळस वाटला. डाग एक वेळ चुकून पडतील. ठिपके देत बसायचं म्हणजे काय!

"हे पुस्तक आहे की मिरच्यांचं पोतं?" मी ओरडले. "तू काय जेवलीस यात?"

"बाई, अजून संपलं न्हाय त्ये," कमल म्हणाली. "राजवाड्याच्या दारात आलीया ती. सोमवारी आणून देतो की."

"काही नाही मिळणार. तुला आता या वर्षी पुस्तक बंद."

ती रडली नाही. पुस्तकाकडे बघत राहिली, जसं कुणी सुटलेल्या एसटीकडे बघतं. मला तो चेहरा आज डोळे न मिटता दिसतो. तेव्हा दिसला नव्हता.

घरी आत्यानं पुस्तक दोन बोटांत धरून लांब केलं. "डंकावरची चटणी ही," वासावरूनच म्हणाली. "साबणानं न्हाय निघायची. रिठा भिजवतो मी." रविवारची सगळी दुपार आम्ही दोघी त्या पुस्तकाला घासत बसलो. आई दारातून बघत होती. "अगं, कागद हाय तो," एवढंच म्हणाली, पण आमच्या घरात धुण्याच्या मध्ये कुणी पडायचं नाही असा रिवाज होता. डाग निघाले, हे कबूल केलं पाहिजे. गाढव पुन्हा गाढवाच्या रंगाचं झालं. ठिपके गेले. त्याबरोबर बरीचशी शाईही फिकटली, पानं वाळून पापडासारखी वाकडी झाली, पुस्तक दुप्पट फुगलं, आणि शेवटची आठ-दहा पानं एकमेकांना अशी चिकटली की त्यांचा एक घट्ट लगदा झाला. सुरी घालून पाहिली, वाफ देऊन पाहिली. आबांनी तो फुगीर ठोकळा उलटसुलट केला आणि म्हणाले, "स्वच्छ झालं मात्र."

सोमवारी कमल आली नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी मोठ्या बाईंनी हजेरीपट पाहिला आणि मला बोलावलं. मी सगळं सांगितलं, धुण्यासकट. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"काय होतं त्या पुस्तकात?" त्यांनी विचारलं.

"डाग, बाई. आणि ठिपके."

"अगं पोरी, गोष्ट काय होती?"

मी नुसता पुस्तकाचा नंबर सांगितला.

"परीक्षा तोंडावर आल्या आहेत," त्या म्हणाल्या. "डंकावर जा आणि पोरगीला घेऊन ये. आणि ते कडक लुगडं जरा सैल सोडून जा."

डंक गल्लीच्या टोकाला होता. लांबून घड्याळासारखा वाटणारा आवाज जवळ गेल्यावर छातीत वाजायला लागला. धप्प. धप्प. धप्प. जमीन हलायची. उंबऱ्यातच नाकातोंडात असं काही गेलं की डोळ्यांतून धारा लागल्या. आत गल्ल्यावर मगदूम अण्णा बसलेले, डंकाचे मालक, जैन, पांढरी टोपी, कपाळी गंध. माणूस जन्मात लसणाला शिवला नव्हता आणि बायकांनी आणलेल्या चटणीचा नुसता वास घेऊन सांगायचा, "मीठ कमी पडलंय, लसूण जरा जून हाय." सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे, म्हणून दिवस कलला की डंक बंद, त्यांच्या हाताखालच्या बायकाही उजेडी घरी पोचत.

"या की बाई," अण्णा म्हणाले. "मिरची कुठाय?"

"मी मिरची… ऑछू… मी शाळेतून… ऑछू… कमलला…"

"आरं, पावणीला पाणी द्या!"

पाठीमागच्या पडवीत सात-आठ बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. समोर लाल मिरच्यांचा ढीग, पुरुषभर उंच. संकेश्वरी एका बाजूला, ब्याडगी दुसऱ्या. त्यांच्यात कमल, तिनंही पदरासारखा ओढणीचा तुकडा नाकावर बांधलेला, बोटं चालली होती खटाखट. मला पाहिलं आणि खाली मान घातली. तिच्या शेजारची उंच, रोड बाई उठली. ती हौसाबाई.

"बाई, पुस्तक आणलासा व्हय?" तिनं विचारलं. ओरडूनच विचारलं, त्या आवाजात दुसरं काय करणार. आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. "बाई, पुस्तक…" धप्प. "आणलासा व्हय?" धप्प. तिथं सगळेच तसे बोलत होते. दोन शब्द बोलायचे, मुसळ पडू द्यायचं, मग पुढचे दोन. पडू द्यावं लागतंय की बाई. मी त्या पोरीला दहा वेळा उतारा वाचायला लावला होता.

मी फुगलेलं पुस्तक पिशवीतून काढलं. बायका मिरच्या सोडून भोवती जमल्या.

"ह्येला काय झालं?"

"मी… धुतलं," मी म्हणाले.

मुसळ पडलं. मग एक म्हातारी म्हणाली, "काय केलं म्हंतीया?"

"धुतलं म्हंतीया! पुस्तक धुतलं!"

जो हशा उसळला तो डंकाच्या वर गेला. एक बाई हसता हसता ढिगात आडवी झाली. "आवो बाई, पिळलं न्हवतं न्हवं?" "इस्त्री राहिली की!" अण्णा गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी मोटार बंद केली. एवढी शांतता झाली की माझी शिंक मलाच मोठी वाटली.

"हसू नगासा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्हांस्नी ठाव न्हाय म्हणून सांगतो. ह्या बायका पूर्वी दिवसभर भांडायच्या. ही पोरगी पुस्तक घेऊन आली, वाचाया लागली, अन् पडवी गप झाली. हात दुप्पट चालाया लागलं. मीच म्हटलं, कमल, तू खुडू नगंस, तू वाच. तुझ्या वाट्याची मिरची ह्या बायका वाटून घेतील. घेतली त्यांनी. म्हणून ती सकाळी शाळंला येत हुती, न्हाईतर पहाटेपासून ढिगावर बसायला लागतंय. आता पुस्तकच न्हाय, तर तिच्या वाट्याची कोण आणि किती दिवस खुडणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी होतंच. त्यात आणखी भर पडली तरी कुणाला कळलं नसेल.

हौसाबाईनं पुस्तक हातात घेतलं. पहिलं पान उघडलं, बोट फिरवलं, दुसरं उघडलं. "माझं क गेलं व्हय सगळं?" ती हळू म्हणाली.

"आईला क वळखाया येतोय," कमल पहिल्यांदाच बोलली. "माझ्या नावातला. मी दाखवला. मग ती हुडकून हुडकून खाली टिकली द्यायची. आठ पानं झालती."

ते ठिपके. जिनं कधी शाळेचं दार पाहिलं नव्हतं अशी एक बाई आपल्या लेकीच्या नावातलं अक्षर पुस्तकभर शोधत निघाली होती, आणि मी रिठ्यानं ते चोळून काढलं. आयुष्यात मी पुढे बरीच वर्षं शिकवलं, पण वाचनाचा तेवढा स्वच्छ पुरावा माझ्या हातात पुन्हा कधी आला नाही. आणि आला होता तेव्हा मी तो अक्षरशः स्वच्छ केला.

"जाऊ दे," पडवीतली म्हातारी म्हणाली. "शेवट तरी सांगा बाई. ती कुंभाराची सून राजवाड्याच्या दारात हुबी हाय, चार दिस झालं. तिचा नवरा आत डांबून ठेवलाय. फुटला तरी पाणी सांडणार न्हाय असा माठ आण म्हटलंय राजानं. आणला का तिनं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कमलही. मी पानांच्या त्या लगद्याकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "मी ते पुस्तक वाचलेलं नाही."

आता कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारीनं नुसतं "आगं आई" म्हटलं, जसं एखाद्या उपाशी पोराला बघून म्हणतात.

मग कुणीतरी मला बसायला पोतं दिलं. हौसाबाईनं एक फडकं झटकून माझ्या नाकावर बांधलं. "वाचा की मग आता," म्हणाली. "जेवढं हाय तेवढं." आणि मी फिकटलेल्या शाईतून, वाकड्या पानांतून ते पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. कुंभाराची सून, तिचं हेकट गाढव, दुष्ट राजा. अण्णांनी दोन पानं झाल्यावर मोटार सुरू केली, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मला मुसळाशी जुळवून घेता येईना. मी वाहून जायची, शब्द आवाजाखाली चिरडले जायचे. तेव्हा कमल शेजारी येऊन बसली आणि माझ्या मांडीवर बोटानं थाप देऊ लागली. थाप पडली की थांबायचं, मग दोन शब्द. पाव तासात जमलं. मला त्या दिवशी तिसरीतल्या पोरीनं वाचायला शिकवलं, आणि मी ते कृतज्ञतेनं लिहिते आहे. थट्टा करत नाही.

राजवाड्याच्या दारात गोष्ट संपली. लगदा सुरू झाला. मी पिशवीतून कोरी वही काढली. "शेवट तुम्ही सांगा," म्हटलं. "मी लिहिते."

हात खुडत होते आणि तोंडं सुटली. एकीचं म्हणणं, राजाला धरून चिखल तुडवायला लावा. दुसरीला गाढवाला गादीवर बसवायचं होतं, "राज्य काय वाईट करंल हो त्ये?" म्हातारीला नवरा सुटायलाच नको होता: "बाई गावभर फिरली, ह्यो आत बसून जेवतोय. ऱ्हाऊ दे की." मी सगळं लिहून घेत होते. शेवटी हौसाबाई म्हणाली, "ती रिकामा माठ घिऊन गेली. राजानं तिथंच आपटला. फुटला, पर थेंब सांडला न्हाय. राजा म्हणाला, ह्यात पाणीच न्हवतं. तर ती म्हणाली, म्हाराज, आमच्या आळीला नळाला पाणी येत न्हाय चार दिस. सांडंल कुठलं? आधी पाणी सोडा, मग परीक्षा घ्या." पडवी दणाणली. अण्णासुद्धा टोपी काढून हसले. तो शेवट पक्का झाला.

खूप वर्षांनी मला जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत सापडली. उभ्या उभ्या शेवट वाचला. एक साधू येतो आणि मंतरलेला माठ देतो. मी ते पुस्तक परत ढिगात ठेवलं.

तर त्या दिवशी डंकावर, दिवस कलला तसं अण्णांनी मोटार थांबवली, जेवायला निघाले. जाताना मला म्हणाले, "सोमवारी नवं पुस्तक धाडा बाई. पोरगी सकाळी शाळंत ईल. तिच्या मिरचीचं मी बघतो." बायकांकडे त्यांनी पाहिलं, बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्या मानांना माझ्या मानेपेक्षा वजन होतं. शेजारच्या एका कमलसाठी त्या प्रत्येकीनं हंगामभर रोज थोडी जास्त मिरची खुडली, बोटांची आग होत असताना.

सोमवारी कमल पहिल्या बाकावर होती. मी वर्गात ती वही वाचली, थांबत थांबत. पोरांनी बाकावर मुठी आपटून मुसळ पाडलं. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. या खेपेला "छान घोकतात" म्हणाल्या नाहीत. तास संपल्यावर आत आल्या, पेटीतलं एक पुस्तक उचललं आणि त्याचं खाकी कव्हर टर्रकन काढलं. खाली हिरवा पोपट निघाला. पोरं किंचाळली. "काढा रे सगळ्यांची," त्या म्हणाल्या, आणि पन्नास पोरं पेटीवर तुटून पडली. त्या दिवशी नंबर विसरले गेले. चौदा नियमांचा पुठ्ठा मी घरी नेला. आत्यानं तो धुऊन पोळपाटाखाली घातला. आणि डंकावरची वही, जिच्यावर मी लिहीत असतानाच लाल बोटं उमटली होती, तिच्यासाठी रांग लागायची. पोरं आधी वास घ्यायची, शिंकायची, मग वाचायची. ज्यांना धड बाराखडी येत नव्हती त्यांनीही "पाणी सोडा, मग परीक्षा घ्या" हे वाक्य बोट ठेवून वाचून दाखवलं.

कमल तिसरी पास झाली. चौथीही. तो फुगलेला सात नंबर अजून माझ्याकडे आहे, इथं राजारामपुरीतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या कप्प्यात. मी नातीला सांगते, उघडला की अजून शिंक येते. ती म्हणते, धुळीनं येते. असेल. सून पुसायला फडकं घेऊन येते तेव्हा मी मध्ये उभी राहते.

पण त्या सोमवारचं राहिलं. मी कमलबरोबर पोपटाचं पुस्तक डंकावर पाठवलं, पूर्ण वाचून मगच. पुढच्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला वर्गाच्या दारात हौसाबाई स्वतः उभी. पहिल्यांदाच शाळेत आली होती. आत पाऊल टाकावं की नाही म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबली. नऊवारीच्या ओच्यात धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं. मी उघडून पाहिलं. एक डाग नाही, एक बोट नाही. फक्त पानापानांवर, क असेल तिथं, खाली पेन्सिलीचा बारीक ठिपका. हौसाबाईनं माझ्या खळीच्या साडीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि म्हणाली,

"घ्या बाई. आम्ही हात धुऊन वाचलंय. आता तुम्ही पुस्तक धुऊ नगासा."